सही : समस्त गावकरी

आपले नाव पुढे न करता अनेक माणसे एका सामाईक नावाखाली एकत्र येतात, मागणी मांडतात, निषेध करतात किंवा एखाद्याला जाब विचारतात, तेव्हा निनावी समूह तयार होतो. इंटरनेट आणि मोबाइलमुळे असे समूह काही तासांत उभे राहू लागले आणि राजकारणात भाग घेण्याची रीतच त्यांनी बदलली. पक्षाचे सदस्यत्व, संघटनेची पावती, सभेचे अध्यक्षस्थान यांतले काहीही नसताना लाखोंचा समुदाय रस्त्यावर येऊ शकतो, हे महाराष्ट्राने गेल्या दशकात पाहिले आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावातही हा बदल पोचलेला आहे. मोठ्या शहरातल्यापेक्षा तो तिथे अधिक स्पष्ट दिसतो, कारण अशा गावात निनावी राहणे मुळातच कठीण असते.

मराठी माणसाला ही कल्पना नवीन नाही. यात्रेच्या पत्रिकेखाली, तहसीलदाराला दिलेल्या निवेदनाखाली, रस्त्यासाठी केलेल्या अर्जाखाली ‘समस्त गावकरी मंडळी’ अशी सही पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. तिच्यात कुणा एकाचे नाव नसते आणि तरीही तिला वजन असते. लोकशाहीने तर निनावी कृतीला सर्वांत मोठा मान दिला आहे. गुप्त मतदान ही कायद्याने जपलेली निनावी कृतीच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२८ मतनोंदणी आणि मतमोजणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला मताची गुप्तता राखायला बांधून घेते. दडपणाखाली असलेल्या माणसाला खरे मत देता यावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. निनावी समूहांच्या बाजूने जो सगळ्यांत भक्कम युक्तिवाद होतो, तोही हाच.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत या युक्तिवादाची कसोटी लागली. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडायचा, हा तिचा उद्देश. सभा गुप्तपणे भरत. नव्या सभासदाने इतर जातीच्या किंवा धर्माच्या माणसाच्या हातचा पाव खायचा, ही तिथली दीक्षा. जातीतून वाळीत पडण्याची भीती खरी होती, म्हणून सभासदांची नावे बाहेर जात नसत. पण नावे कुठे तरी लिहिलेली होती. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची यादी उघड होण्याची पाळी आली आणि सभा मोडली. तिला विचाराने हरवले नाही, दंगलीनेही नाही. एका वहीने हरवले. निनावी समूहाचा पुढचा सगळा इतिहास या वहीपाशी पुन्हा पुन्हा येतो : यादी कुणाकडे आहे?

त्याच काळात गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहीत होते. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला समाजावर आणि धर्माचारावर कठोर लिहायचे, तर टोपणनावाचा आडोसा उपयोगी होता. टोपणनाव आणि निनावीपणा यांत मात्र फरक करायला हवा. टोपणनावालाही पत असते. लोकहितवादी आज काय म्हणाले आणि गेल्या आठवड्यात काय म्हणाले होते, हे वाचकाला ताडून पाहता येते. पूर्ण निनावी मजकुराला भूतकाळ नसतो, त्यामुळे त्याला जबाबदार धरता येत नाही.

छापखान्याच्या युगात सरकारने या प्रश्नाला आपले उत्तर शोधले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. लेखक निनावी राहिला तरी छापणारा राहू शकत नव्हता. निवडणुकीच्या पत्रकांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ मध्ये हीच अट आहे. ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आजही प्रचाराच्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात प्रेसचे नाव आणि पत्ता दिसतो, तो त्यामुळेच. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराला तळाशी अशी ओळ नसते. मजकूर तोच, काम तेच, पण खालची बारीक ओळ गेली, आणि हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे.

मानवतच्या परिसराला सत्तेच्या धाकाखालचे राजकारण ठाऊक आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबाद–मनमाड रेल्वेवरच्या मानवत रोड स्थानकाने कापसाच्या या पेठेला बाहेरच्या जगाशी जोडले होते, पण संस्थानात सभा भरवायला ‘गश्ती निशाण ५३’ प्रमाणे परवानगी घ्यावी लागे. म्हणून १९३७ मध्ये, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा राजकारण भाषा, शिक्षण आणि वाचनालयांच्या आडून करावे लागत होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. त्यावेळच्या सत्याग्रहींनी लपण्याचा मार्ग धरला नाही. नाव, गाव सांगून त्यांनी अटक करून घेतली. पुढे १९४७-४८ च्या लढ्यात भूमिगत काम वाढले आणि नावे झाकली गेली. एकाच लढ्याने दोन्ही मार्ग वापरले. उघड नावाने नैतिक बळ मिळत होते आणि झाकलेल्या नावाने काम चालू राहत होते.

इंटरनेटवरच्या निनावी समूहांत जगभर गाजलेले नाव ‘अॅनॉनिमस’ हे आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘फोरचॅन’ या चित्रफलकावर नाव न लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मजकुरावर हाच शब्द उमटत असे. त्यातूनच ते समूहाचे नाव झाले. २००८ च्या सुरुवातीला सायंटॉलॉजी या पंथाविरुद्ध या समूहाने मोहीम उघडली आणि १० फेब्रुवारीला अनेक देशांतल्या शहरांत लोक मुखवटे घालून रस्त्यावर आले. तो मुखवटा १६०५ मध्ये ब्रिटिश संसद उडवण्याच्या कटात सापडलेल्या गाय फॉक्सचा होता; अॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांच्या चित्रकथेमुळे आणि तिच्यावरच्या चित्रपटामुळे तो घरोघरी माहीत झाला होता. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला पैसे पोचवणे बंद करणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर समूहाने एकाच वेळी इतक्या मागण्या पाठवल्या की ती कोलमडली. एखाद्या बँकेच्या एका खिडकीसमोर हजार माणसे नुसतीच रांगेत उभी करावीत, तसा हा प्रकार असतो. यात वापरलेले साधन पाठवणाऱ्याचा पत्ता लपवत नव्हते. पत्ते कंपनीच्या नोंदीत उरले आणि २०११ मध्ये अमेरिकेत चौदा जणांना अटक झाली. परमहंस सभेची वही इथे संगणकाच्या रूपात परत आली होती.

ही लाट महाराष्ट्रातही येऊन गेली. २०१२ मध्ये चित्रपटांची चोरी थांबवण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर इंटरनेट कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळेच बंद केली. असा आदेश अज्ञात प्रतिवादींविरुद्ध असतो आणि भारतात त्याला ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात. म्हणजे कायद्यालाही निनावी माणसासाठी एक नाव योजावे लागले. निषेध म्हणून ९ जून २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात तेच मुखवटे घातलेले तरुण जमले. संख्या थोडी होती आणि विषय शहरी होता. मुखवट्याचे ते राजकारण इथे रुजले नाही. रुजले ते वेगळेच काही.

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत मराठा समाजातल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर ९ ऑगस्टला औरंगाबादमध्ये मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि पुढच्या काही महिन्यांत परभणीसह जिल्ह्या-जिल्ह्यांतून असे पन्नासहून अधिक मोर्चे निघाले. त्यांना अध्यक्ष नव्हता, व्यासपीठावर पुढारी नव्हता, घोषणा नव्हती. पुढे मुली आणि बायका, मग वडीलधारे, मग तरुण, आणि राजकीय नेते सर्वांत मागे, असा क्रम ठरलेला होता. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला मुली जात. मोर्चा संपल्यावर मागे राहिलेले तरुण रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या वेचत. आवाहनाखाली सही असे ‘सकल मराठा समाज’. ‘समस्त गावकरी’ या जुन्या सहीचाच हा जिल्ह्याएवढा मोठा अवतार होता.

या मोर्च्यांचे नियोजन बरेचसे व्हॉट्सअॅपवर झाले. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसेच बसत, म्हणून एक ग्रुप भरला की त्याच नावाचा पुढच्या क्रमांकाचा ग्रुप निघे. जिल्ह्याचा मजकूर तालुक्याच्या ग्रुपवर, तालुक्याचा गावाच्या ग्रुपवर उतरे. सप्टेंबर २०१६ मध्येच जिओची सेवा फुकट डेटासह सुरू झाली. मोर्चे त्याआधीच उभे राहिले होते, त्यामुळे त्यांचे श्रेय स्वस्त इंटरनेटला देणे चुकीचे ठरेल. गावागावांतल्या बैठका, सोयरीक आणि शेतीची कोंडी या गोष्टी आधीच होत्या. फोनने फक्त त्यांचा वेग वाढवला. मोर्च्याच्या मागण्यांत आरक्षणाबरोबर अॅट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणीही होती. तिने दलित समाजात अस्वस्थता निर्माण झाली आणि अनेक जिल्ह्यांत ‘बहुजन क्रांती मोर्चा’ या तशाच सामाईक नावाखाली प्रतिमोर्चे निघाले.

तालुक्याच्या गावात ही निनावी हाक कशी पसरते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रात्री नऊ-साडेनऊला, जेवणे झाल्यावर, शेतकऱ्यांच्या एखाद्या ग्रुपवर मजकूर येतो : उद्या सकाळी दहाला जमायचे, पक्षाचा झेंडा कुणी आणायचा नाही, हा मेसेज जास्तीत जास्त ग्रुपवर टाका. खाली ‘समस्त शेतकरी बांधव’. एरवी त्या ग्रुपवर कापसाचा भाव, पीक विम्याची तारीख आणि पावसाचा अंदाज चालू असतो. कुणी विचारतो, ‘कुणी टाकलंय?’ उत्तर येते, ‘वरून आलंय.’ ज्या नंबरवरून आले त्याच्या जागी ‘शेतकरी पुत्र’ असे लिहिलेले आणि फोटोत बैलजोडी. पण ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना त्या नंबरचे शेवटचे चार आकडे पाठ असतात. तो कुणाचा मुलगा, कुठल्या दुकानात बसतो, त्याचा चुलता कुठल्या पक्षात आहे, हे सगळे त्यांना ठाऊक असते. तरीही कुणी नाव घेत नाही. इथला निनावीपणा हा तोंड झाकणे नसून एकमेकांचे नाव न घेण्याचा गावाने केलेला करार असतो. मुखवटा इथे का रुजला नाही, याचे उत्तर या करारात आहे.

या कराराची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही २०१७ च्या शेतकरी संपात दिसले. अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने ३ एप्रिल २०१७ रोजी संपाचा ठराव केला. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे निनावी झालेल्या आंदोलनाची सुरुवात नोंदवहीत लिहिलेल्या ठरावाने झाली होती. १ जूनपासून शहरांना दूध आणि भाजीपाला जाणे थांबले. गावोगाव कुणी एका नेत्याने सांगितल्याशिवाय टँकर अडले, दूध रस्त्यावर ओतले गेले. अटक कुणाला करायची आणि समजूत कुणाची घालायची, हेच सरकारपुढचे कोडे होते.

मग ३ जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. सकाळ उजाडेपर्यंत राज्यभरच्या ग्रुपवर त्यांना गद्दार ठरवणारे मजकूर फिरू लागले. त्यांना बोलणी करायला कुणी पाठवले, हा प्रश्न जो तो विचारत होता, आणि पाठवले नाही असे म्हणायचा अधिकार तरी कुणाला होता, याला उत्तर नव्हते. संप चालूच राहिला. ५ जूनला महाराष्ट्र बंद झाला. शेवटी ८ जूनला नाशिकमध्ये विविध शेतकरी संघटनांची सुकाणू समिती बनली. तिच्यात नावे होती, चेहरे होते, मतभेदही होते. ११ जूनला मंत्रिगटाने तत्त्वतः कर्जमाफी मान्य केली आणि २४ जूनला ३४,०२२ कोटी रुपयांची, दीड लाखांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर झाली. संप पेटवायला नावाची गरज पडली नव्हती. टेबलापलीकडे बसायला मात्र नाव लागले.

दुसरा दुबळेपणा २०१८ च्या जुलैत उघड झाला. मराठा आरक्षणाच्या मागणीने पुन्हा जोर धरला तेव्हा ‘मूक’ऐवजी ‘ठोक’ हा शब्द आला, मराठवाड्यात आणि चाकणसारख्या ठिकाणी हिंसाचार झाला. सही तीच होती. मूक मोर्च्यात शिस्त पाळलेल्या माणसांना हा आमचा मार्ग नव्हे असे म्हणायचे होते, पण ज्या नावाचा कुणी मालक नाही, ते नाव कुणाला वापरू द्यायचे नाही हे कोण ठरवणार?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याहून भीषण घडले. मुले पळवणारी टोळी आल्याचे निनावी मजकूर कित्येक दिवस फोनवर फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मोर्च्याचे आवाहन ज्या वाटेने गावात उतरते, त्याच वाटेने ही अफवाही उतरली होती, आणि ‘वरून आलंय’ हेच उत्तर तिलाही पुरले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

कायद्याची वाट या दोन टोकांमधून जाते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त पसंती दिली होती. त्यांनी आपापल्या नावाने लिहिले होते आणि म्हणूनच त्या सापडल्या. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. ग्रुपमधल्या सदस्याच्या मजकुरासाठी अॅडमिनला, त्याचा समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, दोषी धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या नियमांत ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी मजकुराचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची तरतूद आहे, आणि तिला व्हॉट्सअॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. छापखान्याची ती बारीक ओळ परत आणण्याचा हा प्रयत्न आहे. फरक इतकाच की १८६७ च्या कायद्याला मुद्रकाचे नाव पुरत होते. इथे प्रत्येक फोन मुद्रक झाला आहे आणि प्रत्येक सिमकार्डामागे ओळखपत्र आहे. शेजाऱ्यापासून झाकलेले नाव कंपनीपासून आणि शासनापासून झाकलेले नसते. लाखोंच्या समूहाची वही आता कुणाच्या घरात नाही, म्हणून ती चोरीला जात नाही. ती मागितली की मिळण्याची सोय होते आहे. अफवेने मेलेल्या पाच जणांसाठी ती सोय हवी आणि पालघरच्या मुलींसाठी ती नको. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकाच नियमाने दोन्ही साधणे अवघड आहे.

सरकारच्या हातात एक ढोबळ उपायही असतो, तो म्हणजे इंटरनेटच बंद करणे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत तो वापरला गेला. अशा दिवशी मोर्च्याच्या हाकेबरोबर बँकेचे व्यवहार, बाजारभाव आणि परीक्षेचे अर्जही थांबतात.

तोवर आंदोलनाचे रूपही पालटले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर बिनचेहऱ्याच्या आंदोलनाला एक चेहरा मिळाला. बोलणी कुणाशी करायची, हा २०१७ चा प्रश्न मिटला. मंत्री थेट त्या गावात जाऊ लागले. जुनी सही मात्र गावांनी सोडली नाही. त्या ऑक्टोबरात मराठवाड्यातल्या असंख्य गावांच्या वेशीवर नेत्यांना गावबंदी असल्याचे फलक लागले, त्यांच्याखाली कुणा एकाचे नाव नव्हते. आमदाराची गाडी फलकापाशी येऊन थांबे. तिथे उभ्या तरुणांतला प्रत्येकजण त्याला नावानिशी ओळखत असे आणि तोही त्यांना ओळखत असे.

निवडणुकीत हा करार शेवटी मतदान यंत्रापाशी येतो. मानवत तालुका पाथरी विधानसभा मतदारसंघात आहे. एका माणसाचे मत गुप्त राहते, पण निकालाच्या ‘फॉर्म २०’ मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे वेगळे छापले जातात, आणि लहान गावात केंद्र एकच असते. कुणी कुणाला मत दिले ते कळत नाही. गावाने कुणाला दिले ते दुसऱ्या दिवशी पारावर कळते आणि उमेदवारालाही कळते. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे यंत्र वापरावे, ही सूचना निवडणूक आयोगाने केंद्र सरकारकडे केली होती. ती अमलात आलेली नाही, त्यामुळे ‘समस्त गावकरी’ या सहीखालचा आकडा अजून उघडाच छापला जातो.